ग्रानादा

ग्रानादा हे स्पेन देशाच्या आंदालुसिया या स्वायत्त संघातील एक ऐतिहासिक शहर व त्याच नावाच्या प्रांताची राजधानी आहे. हे शहर सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याशी, दारो व हेनील या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ३० हजार असून भोवतालच्या गावांसह महानगर परिसराची लोकसंख्या सुमारे ५ लाख आहे. इ.स. १२३८ ते १४९२ या काळात ग्रानादा ही नासरी अमिरातीची राजधानी होती. इबेरियन द्वीपकल्पावरील हे अखेरचे मुस्लिम राज्य होय. या काळात उभारलेला अल्हाम्ब्रा हा राजवाडा व किल्ला, त्यास लागून असलेली हेनेरालीफे ही उद्याने आणि समोरच्या टेकडीवरील आल्बायसिन ही वस्ती यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थानांच्या यादीत समावेश आहे.

ग्रानादाचा इतिहास भोवतालच्या गावांपासून वेगळा काढता येत नाही. शहराला पाणी, धान्य, रेशीम व बर्फ या गावांनी पुरवले. शहराच्या शरणागतीच्या अटी ज्या छावणीत ठरल्या, ती छावणीच पुढे सांता फे हे गाव बनली. त्या अटी मोडल्या गेल्यावर झालेले सर्वांत मोठे बंड आल्पुहारा या डोंगराळ मुलखातील खेड्यांत पेटले.

नाव

अरबी साधनांमध्ये शहराचा उल्लेख 'गरनाता' असा येतो. या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. येथे ज्यू वस्ती मोठी असल्याने जुन्या अरबी लेखनात 'ज्यूंचे गरनाता' असाही उल्लेख आढळतो. स्पॅनिश भाषेत 'ग्रानादा' या शब्दाचा अर्थ डाळिंब असा होतो. हे केवळ ध्वनिसाम्य असले तरी डाळिंब हे शहराचे चिन्ह बनले आणि कालांतराने स्पेनच्या राजचिन्हातही त्याला तळाशी स्थान मिळाले.

भूगोल व हवामान

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. पूर्वेस व आग्नेयेस सिएरा नेवाडा पर्वत असून त्यातील मुलासेन (सुमारे ३,४७९ मीटर) हे इबेरियन द्वीपकल्पावरील सर्वोच्च शिखर आहे. शिखराचे नाव नासरी राजा अबुल हसन अली ऊर्फ मुले हासेन याच्यावरून पडले आहे. पश्चिमेस हेनील नदीच्या गाळाने बनलेले सुपीक मैदान असून त्यास 'वेगा' म्हणतात. हेनील नदी पुढे ग्वादालकिवीर नदीला मिळते.

उन्हाळा कोरडा व कडक, तर हिवाळा थंड असतो. वार्षिक पर्जन्यमान सुमारे ३५० मि.मी. इतके अल्प आहे. तरीही वेगाची शेती शतकानुशतके भरभराटीस राहिली, याचे कारण पर्वतावरील बर्फ. हिवाळ्यात साठलेले बर्फ वसंत ऋतूपासून वितळू लागते आणि पिकांना पाण्याची निकड असते तेव्हा नद्यांना पाणी असते. या पाण्याचे नियोजन हा या प्रदेशाच्या इतिहासातील एक प्रमुख धागा आहे.

इतिहास

प्राचीन काळ

आल्बायसिनच्या टेकडीवर इबेरियन लोकांची वस्ती होती. रोमन काळात या नगरास इलिबेरिस म्हणत. चौथ्या शतकाच्या प्रारंभी येथे भरलेली एल्विराची परिषद ही स्पेनमधील ख्रिस्ती धर्माच्या सर्वांत जुन्या ज्ञात परिषदांपैकी एक होय. इ.स. ७११ नंतर हा प्रदेश मुस्लिम सत्तेखाली आला. त्या वेळी प्रशासनाचे केंद्र ग्रानादात नसून आजच्या आतार्फे गावाजवळील मदिना एल्विरा येथे होते.

झिरी राजवट

कोर्दोबाची खिलाफत मोडकळीस आल्यावर, अकराव्या शतकाच्या आरंभी, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या झिरी घराण्यातील झावी बिन झिरी याने येथे स्वतंत्र राज्य स्थापन केले. मैदानातील एल्विरा संरक्षणाच्या दृष्टीने गैरसोयीचे असल्याने राजधानी टेकडीवरील ग्रानादा येथे हलवण्यात आली. शमुएल इब्न नाग्रेला हा ज्यू कवी व विद्वान या राज्याचा वजीर होता. त्याच्यानंतर त्याचा पुत्र योसेफ त्या पदावर आला. इ.स. १०६६ मध्ये झालेल्या दंगलीत योसेफ मारला गेला व शहरातील ज्यूंची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. इ.स. १०९० मध्ये अल्मोराविदांनी झिरी राज्य संपुष्टात आणले. त्यांच्यानंतर अल्मोहादांची सत्ता आली.

नासरी अमिरात

अल्मोहाद सत्तेचा ऱ्हास झाल्यावर इ.स. १२३८ मध्ये मुहम्मद इब्न अल-अहमर याने ग्रानादा ताब्यात घेऊन नासरी घराण्याची स्थापना केली. इ.स. १२४६ मध्ये त्याने हाएन शहर कास्तिलच्या स्वाधीन केले, मांडलिकत्व पत्करले व खंडणी देण्याचे मान्य केले. इ.स. १२४८ मध्ये कास्तिलने सेव्हिया जिंकले, तेव्हा इब्न अल-अहमरचे सैन्य कास्तिलच्या बाजूने लढत होते. खंडणी, मुत्सद्देगिरी आणि डोंगराळ सरहद्द यांच्या बळावर हे छोटे राज्य अडीच शतके टिकले. कास्तिलने जिंकलेल्या शहरांतून आलेल्या निर्वासितांमुळे त्याची लोकसंख्या दाट झाली. आल्पुहारातील रेशीम जेनोवाच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपात जात असे.

पहिला युसुफ (राज्यकाळ १३३३–१३५४) व पाचवा मुहम्मद (राज्यकाळ १३५४–१३५९ व १३६२–१३९१) यांचा काळ हा अमिरातीचा वैभवकाळ मानला जातो. युसुफने १३४९ मध्ये शहरात मदरसा स्थापन केला. अल्हाम्ब्रातील सिंहांचे प्रांगण पाचव्या मुहम्मदाच्या काळात बांधले गेले.

युद्ध व शरणागती

इ.स. १४८२ मध्ये कास्तिलच्या सैन्याने आल्हामा हे गाव अचानक छापा घालून घेतले आणि ग्रानादाच्या युद्धास तोंड फुटले. त्याच सुमारास नासरी घराण्यात मुले हासेन, त्याचा भाऊ व पुत्र यांच्यात गादीसाठी कलह सुरू झाला. लोखा (१४८६), मालागा (१४८७) व बासा (१४८९) ही ठिकाणे एकामागून एक पडली. इ.स. १४९१ मध्ये इसाबेला व फर्नांदो यांच्या सैन्याने वेगात तळ दिला. तळाच्या जागी दगडी तटबंदीचे सांता फे हे गाव उभारण्यात आले. वेढा उठणार नाही, याची ती खूण होती.

२५ नोव्हेंबर १४९१ रोजी तह झाला. शहरातील मुस्लिमांना आपला धर्म, मशिदी, मालमत्ता, पोशाख व काझींमार्फत चालणारा न्याय राखता येईल, कोणासही बळाने बाप्तिस्मा दिला जाणार नाही आणि ज्यांना आफ्रिकेत जायचे असेल त्यांना जाऊ दिले जाईल, अशी हमी राजा-राणीने दिली. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा अमीर बारावा मुहम्मद ऊर्फ बोआब्दिल याने शहर स्वाधीन केले. त्याला आल्पुहारात जहागीर देण्यात आली. पुढच्याच वर्षी तो समुद्रमार्गे मोरोक्कोतील फेस येथे गेला.

त्याच वर्षी ३१ मार्च रोजी अल्हाम्ब्रातून निघालेल्या फर्मानाने स्पेनमधील ज्यूंना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांपैकी एकाची निवड करण्यास सांगण्यात आले. १७ एप्रिल रोजी सांता फे येथे ख्रिस्तोफर कोलंबसाशी करार होऊन त्याच्या पहिल्या सफरीचा मार्ग मोकळा झाला.

तहाचा भंग

ग्रानादाचा पहिला आर्चबिशप एर्नांदो दे तालावेरा याने उपदेशाच्या मार्गाने धर्मांतर घडवण्याचे धोरण ठेवले. इ.स. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस शहरात आला व सामूहिक बाप्तिस्मे सुरू झाले. अरबी ग्रंथांची जाहीर होळी करण्यात आली. आल्बायसिनमध्ये उठाव झाला आणि त्याचे लोण आल्पुहारात पसरले. उठाव करणाऱ्यांनी तह मोडला असे ठरवून राजसत्तेने आपणही त्यास बांधील नसल्याची भूमिका घेतली. उठाव १५०१ पर्यंत मोडून काढण्यात आला. १५०२ मध्ये कास्तिलच्या राज्यातील उरलेल्या मुस्लिमांना धर्मांतर अथवा देशत्यागाचा आदेश निघाला. अशा रीतीने तहाच्या मुख्य हमी दहा वर्षांच्या आत निरर्थक ठरल्या. धर्मांतरित मुस्लिमांना 'मोरिस्को' म्हटले जाऊ लागले.

मोरिस्कोंचे बंड

इ.स. १५६७ मध्ये दुसऱ्या फिलिपच्या राजाज्ञेने अरबी भाषा, मोरिस्को पोशाख, हमामखाने व पारंपरिक विवाहरीती यांवर बंदी घातली गेली. फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने लेखी निवेदन देऊन, भाषा व पोशाख ही प्रादेशिक चालीरीत असून तिचा धर्माशी संबंध नाही, असे मांडले. निवेदनाचा उपयोग झाला नाही. डिसेंबर १५६८ मध्ये आल्पुहारात बंड झाले. वालोर येथील घराण्यातील फर्नांदो दे वालोर याने आबेन उमेया हे नाव धारण करून राजेपद स्वीकारले. १५६९ मध्ये त्याच्याच साथीदारांनी त्याचा वध केला.

बंडाच्या आरंभी अनेक गावांत ख्रिस्ती धर्मगुरू व रहिवासी मारले गेले. सरकारी सैन्याने प्रत्युत्तरादाखल गावे लुटली आणि स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली. दुसऱ्या फिलिपचा सावत्र भाऊ डॉन हुआन दे आउस्त्रिया याने १५७० मध्ये गालेरा हे गाव वेढा घालून उद्ध्वस्त केले. १५७१ मध्ये बंड संपले. ग्रानादा राज्यातील सुमारे ८० हजार मोरिस्कोंना तेथून हलवून कास्तिलच्या निरनिराळ्या भागांत विखुरण्यात आले. थंडी, रोगराई व उपासमारीने अनेक जण वाटेतच मरण पावले. ओस पडलेल्या खेड्यांत गालिसिया, आस्तुरियास, लेओन इत्यादी भागांतून कुटुंबे आणून वसवण्यात आली, परंतु अनेक वस्त्या कायमच्या उजाड राहिल्या आणि रेशीम उद्योग खालावला. इ.स. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना संपूर्ण स्पेनमधूनच हद्दपार करण्यात आले.

एकोणिसावे व विसावे शतक

नेपोलियनच्या फौजांनी १८१२ मध्ये शहर सोडताना अल्हाम्ब्राचे काही बुरूज सुरुंगाने उडवले. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग १८२९ मध्ये अल्हाम्ब्रात राहिला. त्याचा १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेला कथासंग्रह अल्हाम्ब्राच्या कीर्तीस कारणीभूत ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगात बीटपासून साखर बनवण्याचा धंदा वाढला. त्या पैशातून शहराच्या मध्यभागी ग्रान व्हिया दे कोलोन हा रुंद रस्ता काढण्यात आला व त्यासाठी जुन्या शहराचा मोठा भाग पाडला गेला. दारो नदीचा शहरातील बराचसा भागही त्याच शतकात झाकला गेला.

जुलै १९३६ मध्ये स्पॅनिश यादवी युद्धाच्या आरंभीच ग्रानादातील लष्करी शिबंदी बंडात सामील झाली. आल्बायसिनमधील कामगारांनी काही दिवस प्रतिकार केला, पण तोफांच्या माऱ्याने तो मोडला गेला. त्यानंतर शहरात व परिसरात हजारो लोकांना गोळ्या घालण्यात आल्या. शहराचा महापौर मानुएल फर्नांदेझ-मोंतेसिनोस हा त्यांपैकी एक होता. त्याचा मेहुणा, कवी व नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का, याचीही ऑगस्ट महिन्यात हत्या झाली.

शहरातील महत्त्वाची स्थळे

अल्हाम्ब्रा

साबिका टेकडीवरील अल्हाम्ब्राचे नाव 'लाल' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. टेकडीच्या पश्चिम टोकाशी आल्काझाबा हा लष्करी किल्ला आहे. मध्यभागी नासरी राजवाडे असून त्यांत कोमारेस राजवाडा व सिंहांचा राजवाडा हे प्रमुख आहेत. सिंहांच्या प्रांगणात संगमरवराच्या बारा सिंहांनी तोललेले कारंजे आहे. भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यातील नक्षी, रंगीत फरशा व अरबी लेख असून लेखांत इब्न झमरक याच्या काव्यपंक्तींचाही समावेश आहे. नासरी राजवाड्यांच्या शेजारीच सम्राट पाचवा चार्ल्स याने बांधावयास घेतलेला चौरस राजवाडा आहे. पेद्रो माचुका याने रचलेल्या या वास्तूच्या मध्यभागी वर्तुळाकार प्रांगण आहे. १८७० मध्ये अल्हाम्ब्रास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. १९२३ ते १९३६ या काळात लेओपोल्दो तोरेस बाल्बास या वास्तुविशारदाने मूळ भाग व नवी दुरुस्ती स्पष्टपणे वेगळी दिसावी या तत्त्वाने जतनाचे काम केले.

आल्बायसिन व साक्रोमोंते

अल्हाम्ब्रासमोरील टेकडीवरील आल्बायसिन ही अरुंद, चढत्या गल्ल्यांची जुनी वस्ती आहे. उंच भिंतींआड फळझाडे व बाग असलेल्या येथील घरांना 'कार्मेन' म्हणतात. अकराव्या शतकातील बान्युएलो हा हमामखाना दारो नदीकाठी सुस्थितीत आहे. सान निकोलास चौकालगत २००३ मध्ये नवी मशीद उघडण्यात आली. १४९२ नंतरच्या काळात शहरात मशीद म्हणून बांधलेली ही पहिली वास्तू आहे.

आल्बायसिनच्या पूर्वेस साक्रोमोंते आहे. डोंगर कोरून केलेल्या येथील गुहाघरांत प्रामुख्याने हितानो (रोमा) समाजाची वस्ती होती. 'सांब्रा' हा नृत्यप्रकार येथील होय. १९६३ मधील अतिवृष्टीत अनेक गुहा ढासळल्या आणि शेकडो कुटुंबांना कायमचे अन्यत्र जावे लागले. टेकडीवरील मठाचा संबंध १५९५ पासून येथे सापडू लागलेल्या शिशाच्या पत्र्यांशी आहे. स्पेनमधील आद्य ख्रिस्ती धर्मप्रसारक अरब होते, असे त्यांवरील अरबी मजकुरातून सूचित होत असे. १६८२ मध्ये पोपने हे लेख बनावट व पाखंडी ठरवले. अरबी भाषा ही मुळात ख्रिस्ती परंपरेचाही भाग असल्याचे दाखवून आपल्या समाजास हद्दपारीपासून वाचवण्यासाठी सुशिक्षित मोरिस्कोंनी ते रचले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्हॅटिकनने २००० साली हे पत्रे ग्रानादास परत केले.

कॅथेड्रल व राजचॅपल

जुन्या प्रमुख मशिदीच्या परिसरात १५२३ मध्ये कॅथेड्रलचे काम सुरू झाले. दिएगो दे सिलोए याने त्यास प्रबोधनकालीन रूप दिले. दर्शनी भागाची रचना आलोन्सो कानो याची आहे. शेजारच्या राजचॅपलमध्ये इसाबेला, फर्नांदो, त्यांची कन्या हुआना व जावई फिलिप यांच्या समाधी आहेत. जवळच आल्काइसेरिया हा रेशीम बाजार होता. १८४३ च्या आगीनंतर तो लहान प्रमाणात पुन्हा बांधण्यात आला. चौदाव्या शतकातील कोराल देल कार्बोन ही व्यापाऱ्यांची सराई आजही उभी आहे.

पाणीव्यवस्था

पाण्याच्या पाटांना येथे 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आला आहे. अल्हाम्ब्रा टेकडीवर पाण्याचा नैसर्गिक स्रोत नव्हता. इब्न अल-अहमरच्या काळात दारो नदीचे पाणी सुमारे ६ कि.मी. वरच्या अंगाला अडवून पाटाने उताराच्या कलाने आणण्यात आले. 'राजपाट' या नावाने ओळखला जाणारा हा पाट आधी हेनेरालीफेच्या बागांना व नंतर राजवाड्यांना पाणी देत असे.

आल्बायसिनला पाणी पुरवणारा आयनादामार हा पाट त्याहून जुना, अकराव्या शतकातील आहे. आल्फाकार येथील मोठ्या झऱ्यातून निघून विस्नार गावावरून तो शहरात येई. त्याच्या नावाचा अर्थ 'अश्रूंचा झरा' असा होतो. आल्बायसिनमधील विटांच्या कमानींचे वीसहून अधिक जुने पाणीहौद याच पाण्याने भरत.

सिएरा नेवाडाच्या उतारांवर 'कारेओ' या प्रकारचे पाट आहेत. वसंत ऋतूत वितळलेल्या बर्फाचे पाणी या पाटांनी डोंगराच्या वरच्या भागातील सच्छिद्र जमिनीपर्यंत नेऊन तेथे मुरवले जाते. जमिनीतून हळूहळू झिरपत ते काही आठवड्यांनी वा महिन्यांनी खालच्या गावांतील झऱ्यांना येते आणि कोरड्या उन्हाळ्यात शेतीस उपयोगी पडते. स्थानिक लोक यास 'पाणी पेरणे' म्हणतात. पाटांची निगा राखून शेतकऱ्यांना पाळीपाळीने पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडी ओस पडू लागल्यावर अनेक पाट बुजले. गेल्या काही वर्षांत ग्रानादा विद्यापीठातील पुरातत्त्व संशोधक, शेतकऱ्यांच्या पाणी संघटना व स्वयंसेवक यांनी मिळून असे अनेक पाट पुन्हा वाहते केले आहेत.

परिसरातील गावे

वेगा

सांता फे हे गाव शहराच्या पश्चिमेस सुमारे ११ कि.मी. अंतरावर आहे. छावणीचा मूळ आयताकृती आराखडा, काटकोनात छेदणारे रस्ते व वेशी आजही ओळखता येतात. पोप नववा पायस याच्या नावावरून 'पिओनोनो' म्हटली जाणारी छोटी गोड गुंडाळी ही येथील प्रसिद्ध मिठाई आहे.

फुएन्ते वाकेरोस हे लोर्काचे जन्मगाव (५ जून १८९८) होय. हे गाव ज्या सोतो दे रोमा या इस्टेटीत मोडत असे, ती नेपोलियनविरुद्धच्या युद्धातील कामगिरीबद्दल ड्यूक ऑफ वेलिंग्टन यास देण्यात आली होती. जवळचे वाल्देरुब्यो हे गाव पूर्वी 'आस्केरोसा' या नावाने ओळखले जाई. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ 'किळसवाणी' असा होत असल्याने १९४३ मध्ये ते बदलण्यात आले. येथील शेजाऱ्यांच्या घरावरून लोर्काला 'ला कासा दे बेर्नार्दा आल्बा' या नाटकाचे बीज सुचले. साखरधंद्यानंतर वेगात तंबाखूचे पीक महत्त्वाचे ठरले. तंबाखू वाळवण्याच्या जाळीदार भिंतींच्या कोठारवजा इमारती अजूनही शेतांत दिसतात.

आल्फाकार व विस्नार

शहराच्या ईशान्येस डोंगरउतारावर असलेली ही दोन गावे आहेत. आल्फाकार भाजलेल्या पावासाठी प्रसिद्ध आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये या दोन गावांदरम्यानच्या रस्त्यालगत लोर्का, एक शाळामास्तर आणि बैलझुंजीच्या व्यवसायातील दोघे यांना गोळ्या घालून पुरण्यात आले. ही जागा आयनादामार पाटाच्या उगमापासून जवळच आहे. २००९ मध्ये आल्फाकार येथे केलेल्या उत्खननात लोर्काचे अवशेष मिळाले नाहीत. विस्नारच्या घळीत मात्र अलीकडच्या उत्खननांत सामूहिक दफनखड्डे उघडण्यात आले असून त्यांत गोळीच्या खुणा असलेले अनेक सांगाडे सापडले आहेत. नातेवाइकांच्या डीएनए नमुन्यांशी पडताळून त्यांची ओळख पटवण्याचे काम होत आहे.

आल्पुहारा

सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावरील या मुलखात लान्हारोन, ओर्हिवा, पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा, त्रेवेलेस, येहेन व वालोर ही प्रमुख गावे आहेत. घरे पांढरी, दगडमातीची व धाब्याची असतात. छतावर 'लाउना' नावाची करडी, पाणी न झिरपणारी माती पसरतात. धाब्याच्या घरांची ही पद्धत उत्तर आफ्रिकेतील डोंगरी घरांशी मिळतीजुळती आहे. लान्हारोन झऱ्याच्या पाण्यासाठी, तर सुमारे १,४७० मीटर उंचीवरील त्रेवेलेस थंड हवेत वाळवलेल्या डुकराच्या मांसासाठी ओळखले जाते. इंग्रज लेखक जेराल्ड ब्रेनन १९२० च्या दशकात येहेन येथे राहिला. त्याने या गावाच्या जीवनावर लिहिलेला ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्वादिक्स व मार्केसादो

शहराच्या पूर्वेस सुमारे ५५ कि.मी. अंतरावरील ग्वादिक्स येथे मऊ मातीच्या टेकड्यांत कोरलेली सुमारे दोन हजार गुहाघरे असून त्यांपैकी अनेकांत आजही लोक राहतात. बाहेर कडक ऊन वा हिमवर्षाव असला तरी गुहेतील तापमान जवळपास स्थिर राहते. चुना लावलेली धुरांडी टेकडीच्या माथ्यावर दिसतात. दक्षिणेस ला कालाओरा येथे सोळाव्या शतकाच्या आरंभीचा किल्ला आहे. त्याचे बाह्यरूप रांगडे असले तरी आतील प्रांगण इटालियन प्रबोधनशैलीचे आहे. ग्वादिक्स व बासा खोऱ्याच्या प्रदेशास २०२० मध्ये युनेस्कोने जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला.

आल्हामा

नैर्ऋत्येकडील आल्हामा दे ग्रानादा हे गाव खोल घळीच्या काठावर वसले आहे. 'आल्हामा' या अरबी शब्दाचा अर्थ उष्ण झरा असा असून मध्ययुगीन स्नानगृह अद्याप टिकून आहे. २५ डिसेंबर १८८४ रोजी झालेल्या भूकंपात आल्हामा, आरेनास देल रेय व आसपासच्या गावांत शेकडो लोक मृत्युमुखी पडले.

भूमध्य समुद्रकिनारा

मोत्रिल, सालोब्रेन्या व आल्मुन्येकार ही किनाऱ्यावरील प्रमुख गावे आहेत. आल्मुन्येकार हे फिनिशियनांचे ठाणे होते. कत्तलीतून निसटलेला उमय्या राजपुत्र पहिला अब्द अल-रहमान इ.स. ७५५ मध्ये येथेच उतरला व पुढे त्याने कोर्दोबाचे राज्य स्थापले. सिएरा नेवाडामुळे उत्तरेचे थंड वारे अडत असल्याने येथे ऊस पिकत असे. अखेरचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आता आंबा, अव्होकॅडो व सीताफळाच्या कुळातील चेरिमोया ही फळे मोठ्या प्रमाणावर घेतली जातात.

शिक्षण, अर्थव्यवस्था व वाहतूक

ग्रानादा विद्यापीठाची स्थापना १५३१ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या काळात झाली. येथे ५० हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. पर्यटन, शिक्षण, सेवाक्षेत्र व शेती हे अर्थव्यवस्थेचे आधार आहेत. मोनाचिल गावाच्या हद्दीतील प्रादोयानो येथे सिएरा नेवाडाचे स्कीइंग केंद्र असून १९९६ मध्ये तेथे जागतिक अल्पाइन स्कीइंग स्पर्धा झाली. १९९९ मध्ये सिएरा नेवाडास राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यात आले. २०१७ पासून हलक्या रेल्वेने आल्बोलोते, मारासेना व आर्मिया ही उपनगरे शहराशी जोडली आहेत. द्रुतगती रेल्वेसेवा २०१९ मध्ये सुरू झाली. विमानतळास लोर्काचे नाव दिले आहे.

सद्यकालीन प्रश्न

अल्हाम्ब्रास दरवर्षी २५ लाखांहून अधिक लोक भेट देतात. वास्तूवर ताण येऊ नये म्हणून प्रवेशसंख्येवर मर्यादा असून नासरी राजवाड्यांत तिकिटावर नोंदलेल्या वेळीच प्रवेश दिला जातो. आल्बायसिनमध्ये पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची संख्या वाढल्याने मूळ रहिवाशांना तेथे राहणे अवघड झाले आहे. वेगातील सुपीक जमिनीवर महामार्ग व वसाहती पसरत आहेत, तर आल्पुहारातील खेड्यांत तरुणांची संख्या घटत आहे. हिमवर्षावाचे प्रमाण कमी झाल्यास पाटांवर अवलंबून असलेली शेती अडचणीत येईल, हाही चिंतेचा विषय आहे.

इतिहासाच्या अर्थाविषयीचा वादही संपलेला नाही. दरवर्षी २ जानेवारीस शहराच्या हस्तांतरणाचा दिवस नगरपालिकेच्या समारंभाने पाळला जातो व राजध्वज फडकवला जातो. काहींच्या मते हा शहराच्या परंपरेचा भाग आहे. ज्या तहाने हे हस्तांतरण झाले त्याच्या हमी पाळल्या गेल्या नाहीत, म्हणून हा दिवस विजयोत्सव म्हणून न पाळता सर्व समाजांच्या स्मरणाचा दिवस व्हावा, अशी मागणी इतर नागरिक करतात.